उच्च दाब अन्नप्रक्रिया व प्लॅस्टिक संवेष्टने

संवेष्टनात बंद केलेल्या अन्नपदार्थावर पाण्याच्या माध्यमातून सु. ४०० ते ६०० मेगॅपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. ४,००० ते ६,००० पट, दाब काही मिनिटे देऊन त्यातील सूक्ष्मजंतूंचा नाश करण्याच्या पद्धतीस उच्च दाब अन्नप्रक्रिया म्हणतात. तीत उष्णता मुद्दाम दिली जात नसल्याने पदार्थाची ताजी चव व जीवनसत्त्वे बव्हंशी टिकतात. दाब दिलेले दूध अधिक काळ टिकते, हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया कृषी प्रयोग केंद्रात बर्ट हाइट यांनी १८९९ मध्ये दाखविले होते. तथापि असा माल प्रत्यक्ष बाजारात येण्यास १९९० साल उजाडले. त्या वर्षी जपानमध्ये फळांचे जॅम विक्रीस आले.

या दाबाखाली पाण्याचेच आकारमान सु. १५ टक्क्यांनी घटते. संवेष्टनाने तितके आकसून दाब निघताच पूर्ववत झाले पाहिजे. काच ठिसूळ असते आणि चेपलेला पत्र्याचा डबा चेपलेलाच राहतो. म्हणून हे काम लवचिक प्लॅस्टिकावरच सोपवावे लागते. एवढ्या दाबाने पिशवी फुटेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाब सर्व बाजूंनी सारखाच असल्याने पातळ पिशवीही शाबूत राहते.

दाबाखाली बहुवारिकाच्या रेणुशृंखला एकमेकींजवळ येतात व त्यांमधील मोकळी जागा कमी होते. बहुवारिक ज्या तापमानाखाली काचेसारखे ताठ बनते, ते काच-संक्रमण तापमान दर १०० मेगॅपास्कलला सु. २०° से. किंवा त्याहून अधिक वाढते. उदा., पॉलिप्रोपिलिनाचे हे तापमान एरवी ०° से.च्या आसपास वा थोडे खाली असते; पूर्ण दाबाखाली ते नेहमीच्या तापमानाच्या बरेच वर जाते. अशा ताठ द्रव्यातून रेणूंचे विसरण मंदावते. त्यामुळे अन्नाचा स्वाद प्लॅस्टिकात शोषला जाण्याची क्रिया दाबाखाली वाढण्याऐवजी कमी होते. प्लॅस्टिकातील द्रव्ये ‘पिळून’ अन्नात उतरतात ही भीतीही थंड प्रक्रियेपुरती सामान्यतः निराधार होय. या दाबाने सहसंयुजी बंध तुटत नाहीत आणि दाब काढताच बहुतेक बदल नाहीसे होतात.

टिकणारी इजा प्रामुख्याने दोन ठिकाणी होते : भिन्न द्रव्यांच्या जोडावर आणि वायू असेल तेथे. धातुलेपित पॉलिएस्टराचे उदाहरण बोलके आहे. त्यावरील ॲल्युमिनियमाचा थर मिलिमीटरच्या दहा-हजारांशापेक्षाही पातळ असतो. खालचे पॉलिएस्टर जेवढे आकसते तेवढा धातू आकसत नाही, त्यामुळे थराला सूक्ष्म तडे जातात व ऑक्सिजन आणि बाष्प यांविषयीची पार्यता वाढते. ॲल्युमिनियमाच्या पातळ पत्र्याचे स्तरित पटलही घडीपाशी सुटू लागते. याउलट एथिलीन-व्हिनिल अल्कोहॉल या सहबहुवारिकाचा ऑक्सिजनरोधक थर वाफेच्या निर्जंतुकीकरणात ओलाव्याने निकामी होत असला, तरी थंड दाबप्रक्रियेत तो जवळजवळ अबाधित राहतो. उष्णतेला टिकणारे द्रव्य दाबाला टिकेलच, वा उष्णतेला न टिकणारे दाबालाही टिकणार नाही, असा अंदाज बांधता येत नाही.

वायूची अडचण अधिक अवघड आहे. पिशवीत राहिलेली हवा दाबाखाली फारच थोडी जागा व्यापते व तेथे पटल दुमडून पांढऱ्या रेषा उमटतात. शिवाय दाबामुळे कार्बन डाय-ऑक्साइडासारखा वायू प्लॅस्टिकात मोठ्या प्रमाणात विरघळतो. पुढे काही सेकंदांत दाब उतरविला जातो, तेव्हा त्याला विसरणाने बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो आतच फुगतो. मग पटलावर फोड येतात, ते धुरकट होते किंवा त्याचे थर विलग होतात. म्हणजे इजा दाब देताना होण्यापेक्षा तो काढताना अधिक होते. यास्तव प्रक्रियेपूर्वी शक्य तेवढी हवा काढून घेतात आणि वायुभारित संवेष्टने शक्यतो टाळतात.

दाबामुळे पाण्याचे तापमानही दर १०० मेगॅपास्कलला सु. ३° से. वाढते, तेला-तुपाचे त्याच्या दुप्पट किंवा अधिक. म्हणून स्निग्ध पदार्थाला लागून असलेले प्लॅस्टिक जास्त तापते.

दाबाने सूक्ष्मजंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू बहुधा जगतात. त्यामुळे माल थंड जागी ठेवावा लागतो. प्रक्रियेनंतर पिशवी उघडली जात नसल्याने बाहेरील जंतूंविरुद्ध तीच एकमेव भिंत असते. सांधलेल्या कडेतील बारीकशा गळतीतूनही नवे जंतू शिरू शकतात. फोड आलेली पिशवी डोळ्यांना दिसते व बाजूला काढता येते. तडा गेलेला धातुथर मात्र दिसत नाही आणि आतील फळांच्या रसातील क जीवनसत्त्व हळूहळू घटत जाते. पुरवठादाराच्या कोष्टकातील पार्यतेचे आकडे दाब न दिलेल्या पटलाचे असतात. त्यांवर विसंबणे धोक्याचे होय. मापन प्रक्रिया झालेल्या पटलावरच केले पाहिजे.

बीजाणूही मारण्यासाठी दाबाला उष्णतेची जोड देतात. त्यात अन्न आधी सु. ९०° से.पर्यंत तापवून मग दाब देतात. अशा एका प्रक्रियेस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये मान्यता दिली. तथापि १००° से.च्या वर प्लॅस्टिके मऊ पडतात व ऑक्सिजनरोधक थरात ओलावा शिरतो. थंड प्रक्रियेत टळलेले दोष येथे पुन्हा उद्भवतात.