माशाला सोसेल तेच साहित्य

आज आपण एका काचेच्या पेटीबद्दल बोलणार आहोत. या पेटीत एका बाजूला पाणी असतं आणि त्यात मासे. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या वर उचललेली थोडी जमीन, तिच्यावर नेचे, शेवाळ, लहान रोपं. ओढ्याकाठचा एक तुकडा घरात आणून ठेवावा तशी ती दिसते. हिला पाल्युडेरियम म्हणतात. लॅटिन भाषेत ‘पालुस’ म्हणजे दलदल, त्यावरून हे नाव आलं. अंगणवाडीत, शाळेत किंवा घराच्या ओसरीवर ठेवायला ही पेटी छान. गटाला चार पैसे मिळवून देणारी वस्तू म्हणूनही तिचा विचार करता येतो.

पण पेटी सुंदर झाली आणि चौथ्या दिवशी मासे उलटे होऊन तरंगू लागले, तर काचेचा, माशांचा खर्च वाया जातोच, शिवाय जीव जातात. मग कुणी म्हणतं मासेच अशक्त होते, कुणी म्हणतं नजर लागली. बहुतेक वेळा कारण पेटीतच असतं. आपल्याला एखादा वास सोसला नाही तर आपण बाहेर जातो. माशाला जाता येत नाही. तो त्याच पाण्यात खातो, त्यातच घाण करतो आणि कल्ल्यांवाटे तेच पाणी श्वासासाठी आत घेतो. पाण्यात जे उतरेल ते त्याच्या अंगात जाणार. या पेटीत तर जमिनीवर घातलेलं पाणीसुद्धा झिरपून माशांकडेच येतं. म्हणून आधी साहित्य ठरवायचं, ते तपासायचं आणि मासे सगळ्यात शेवटी आणायचे.

आधी माप आणि वजन

सुरुवातीला 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 15 इंच उंच अशी पेटी धरा. काच 5 मिलिमीटर जाडीची. लांबीतले 16 इंच पाण्याला आणि 8 इंच जमिनीला द्या. पाणी 6 इंच खोल ठेवलं, तर पाण्याच्या बाजूला साधारण 18 लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यात काचेचे दहा-अकरा किलो आणि दगड-वाळूचे पंधरा-एक किलो मिळवा. पेटी 45 किलोच्या घरात जाते. तिला पत्र्याच्या डळमळत्या मांडणीवर ठेवू नका. सपाट, भक्कम ओटा किंवा कट्टा हवा, आणि थेट ऊन नको. उन्हानं पाणी तापतं आणि हिरवं होतं.

जमीन कशी उचलायची

जुनी मंगलोरी कौलं घ्या. रंग न दिलेली, स्वच्छ घासलेली. कौलांचे तुकडे आणि चपटे काळे दगड रचून पाणी आणि जमीन यांच्यामध्ये बांध घाला. बांधामागे धुतलेली खडी पाण्याच्या पातळीच्या वर दोन बोटं येईल इतकी भरा. खडीवर नायलॉनची जाळी पसरा, म्हणजे वरची माती खाली उतरणार नाही. जाळीवर धुतलेली नदीची वाळू आणि भिजवून पिळलेला नारळाचा भुसा एकत्र करून टाका. नारळाच्या भुशानं सुरुवातीला पाणी चहासारखं तांबूस होतं. त्यानं माशांना त्रास होत नाही, पण भुसा आधी दोन-तीन पाण्यांतून काढला तर रंग कमी उतरतो.

जाळीबद्दल एक गोष्ट नीट ऐका. घरातली जुनी मच्छरदाणी कापून वापरायचा मोह होईल. पण आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या काही मच्छरदाण्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. माणसाला ते चालतं, माशाला मात्र अगदी थोडंसुद्धा मारक ठरतं. तेव्हा खिडकीची नवी साधी जाळी आणा.

शेतातली माती, शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काहीही या जमिनीत नको. खत झिरपून पाण्यात गेलं की अमोनिया वाढतो आणि मासे गुदमरतात. रोपांना लागणारं खत माशांच्या विष्ठेतूनच मिळतं.

स्वयंपाकघरातल्या तीन परीक्षा

साहित्य तपासायला आपल्या घरातच तीन साधनं आहेत: लिंबू, हळद आणि नाक.

पहिली परीक्षा दगडाची. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडला की पांढरट डाग पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट लागलं की तो विरघळतो. शहाबादी फरशीही चुनखडीचीच. पेटीत घालायच्या प्रत्येक दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाण्यात उतरून पाणी जड करणार. समुद्राच्या शिंपल्यांचंही तसंच. आपला साधा काळा दगड, ज्याचे पाटे-वरवंटे होतात, तो या परीक्षेत उतरतो. दगड धुताना साबण मात्र लावू नका. ब्रश आणि गरम पाणी पुरे.

दुसरी परीक्षा सिमेंटची. ओल्या हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, कारण साबण खारा असतो. ताज्या सिमेंटमधून उतरणारा चुना तसाच खारा, आणि तो माशाच्या कल्ल्यांना भाजतो. म्हणून एवढ्या लहान पेटीत सिमेंट टाळलेलंच बरं. अंगणात सिमेंटचा हौद करणार असाल, तर तो पाण्यानं भरून ठेवा, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, आणि हे तीन-चार आठवडे करा. मग कागदाच्या पट्टीला हळदीची पेस्ट लावून वाळवा आणि हौदात दोन दिवस राहिलेल्या पाण्यात बुडवा. पट्टी लालसर झाली तर चुना अजून उतरतो आहे. पिवळीच राहिली तर पुढे जा. पुष्कळ ठिकाणी नव्या हौदात केळीच्या खांबाचे तुकडे कुजवण्याची रीत आहे. ते केलं तरी नंतर हौद घासून धुवायचा आणि हळदीची परीक्षा घ्यायचीच.

तिसरी परीक्षा काच जोडायच्या सिलिकॉनची. दुकानात मागताना ‘मासे ठेवायच्या टाकीचं’ असं स्पष्ट सांगा. न्हाणीघरात वापरायच्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं, ते चालत नाही. साधं सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तीन दिवस वाळू द्या, आणि सांध्याजवळ नाक नेऊन वास पूर्ण गेल्याची खात्री झाली की मगच पाणी भरा. पाणी भरून एक रात्र पेटीखाली वर्तमानपत्र ठेवा. कागद ओला झाला तर गळती आहे.

पेटीत काय नको

तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण चांगलं मानतो. माशाला मात्र तांबं विषासारखं आहे, गोगलगाईला तर आणखीच. पितळेत तांबं आणि जस्त दोन्ही असतं. जी. आय. तारेवर जस्ताचा मुलामा असतो. म्हणून पेटीत कुठलाही धातू नको. तार, खिळा, नाणं, पितळी मूर्ती, काहीही नको. बांधायचं असेल तर नायलॉनचा दोरा घ्या.

मडकी, पणत्या नीट भाजलेल्या आणि बिनरंगाच्या असतील तर चालतात. रंगवलेल्या, चकाकी दिलेल्या नकोत. ओलं लाकूड आणि बांबू पाण्यात कुजतात. शेर, रुई यांसारखी चीक येणारी झाडं आणि कण्हेर यांची फांदीसुद्धा घालू नका. कीटकनाशकाचा, तणनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नका. फवारणी करून आलेल्या हातांनी, किंवा भांड्याचा साबण लागलेल्या हातांनी पाण्यात हात घालू नका.

डासांची कॉइल, विजेवर चालणारं लिक्विड आणि स्प्रे यांतलं औषध माशांना फार घातक असतं. पेटी असेल त्या खोलीत ते लावू नका. गावात धूरफवारणी होणार असेल तर तेवढा वेळ पेटी प्लास्टिकनं झाकून ठेवा.

पाणी आणि रोपं

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. त्यातल्या क्लोरिननं आपल्यासाठी पाणी शुद्ध होतं, पण माशांचे कल्ले जळतात. असं पाणी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवा, क्लोरिन उडून जातो. बोअरच्या पाण्यात टीसीएल नसेल तर ही अडचण नाही. ते जड असलं तरी गप्पीसारख्या माशाला चालतं.

मोरीच्या पाण्यावर अळू कसा फोफावतो, ते आपल्याला माहीत आहे. नको असलेलं पाणी झाड स्वतःसाठी वापरून घेतं. इथेही तेच काम रोपांकडे द्यायचं. मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडा. जलब्राह्मी काठावर लावा, ती पाण्यातही जगते आणि बाहेरही. वरच्या ओल्या दगडांवर शेवाळ आणि नेचे.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं रूपांतर करणारे सूक्ष्म जीव दगडांवर, वाळूवर वस्ती करतात, पण ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाची निरोगी माशांची जुनी टाकी असेल, तर तिच्यातली मूठभर खडी आणून टाका. दुधाला विरजण लावावं तसं ते आहे. रोपं लावून दोन आठवडे पेटी तशीच चालू द्या. मग दोनच मासे सोडा, खाणं चिमूटभर द्या, आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव भाग पाणी बदला. महिनाभर ते ठणठणीत राहिले तर आणखी तीन. एवढ्या पेटीला पाच गप्पी पुरेत. शक्यतो रंगीत शेपटीचे नरच घ्या. माद्या दर महिन्याला पिल्लं देतात आणि पेटीत गर्दी होते. पुढे आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदलत राहा. बदलायचं पाणी मुरवलेलंच हवं.

वरून झाकण हवंच, कारण मासे उडी मारतात. अर्धं काचेचं, अर्धं जाळीचं असू द्या. पंप बसवला तर त्याची वायर आधी खाली लोंबून मग बटणाकडे जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बटणात शिरणार नाही. हात घालण्यापूर्वी पंप बंद करा.

शेवटची दक्षता डासांची. गप्पी पाण्यातल्या अळ्या खातात, म्हणूनच आरोग्य खातं ते पाण्याच्या साठ्यांत सोडतं. पण जमिनीच्या बाजूला कौलाच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यापर्यंत मासा पोचत नाही. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून आठवड्यातून एकदा असे खळगे वाळूनं बुजवा किंवा कोरडे करा. आणि मासे जास्त झाले म्हणून ओढ्यात, नदीत सोडू नका. गप्पी परदेशातून आलेला मासा आहे, आपल्या लहान देशी माशांच्या वाट्याचं तो खातो.

गटाच्या बैठकीत कामं वाटून घ्यायची असतील तर आम्ही हा क्रम सुचवतो. पहिल्या बैठकीत जागा आणि माप. दुसरीत प्रत्येकीनं आपलं साहित्य आणायचं आणि सगळ्यांसमोर तपासायचं. तपासलेलं साहित्य आठवडाभर एका स्वच्छ बादलीत भिजत ठेवायचं. पाण्यावर तवंग आला, फेस आला किंवा वास आला, तर त्यातली वस्तू शोधून बाजूला काढायची. बादली स्वच्छ राहिली की पेटी मांडायला घ्या. माशांचे पैसे तोवर गटाच्या पेटीतच राहू द्या.