फोटो हरीणच काढतं!

अमेरिकेत शिकारीच्या सामानाच्या दुकानात शिरलं की एका भिंतीवर झाडाच्या सालीच्या रंगाचे छोटे डबे ओळीने टांगलेले दिसतात. हे ट्रेल कॅमेरे. पट्ट्याने झाडाला आवळायचे आणि घरी निघून यायचं. समोरून हरीण गेलं की फोटो आपोआप निघतो. खोक्यावर आकडे ठळक छापलेले असतात आणि गिऱ्हाईक तिथेच अडकतं. खरं तर आधी हरीण ओळखावं. त्याचं अंग, त्याचे डोळे, त्याची शिंगं समजली की कोणता कॅमेरा घ्यायचा हे उमगायला वेळ लागत नाही. त्या ओघात ज्या गोष्टी हाती लागतात, त्या आकड्यांपेक्षा कितीतरी रंजक आहेत.

खासदारांची दोरी

पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज शायरस तिसरे हे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि पट्टीचे शिकारी. मिशिगनच्या उत्तरेकडच्या तळ्यांवर रात्री नावेच्या टोकाला दिवा लावून हरणं मारण्याची तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची जुनी पद्धत त्यांना ठाऊक होती. उजेडाकडे बघत हरीण थबकतं, डोळे चमकतात, तेवढ्यात गोळी. शायरस यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा धरला. मग पुढची युक्ती काढली. जनावरांच्या वाटेवर दोरी ताणायची, तिला पाय लागला की फ्लॅशची पूड भडकणार आणि फोटो निघणार. म्हणजे खटका दाबणारं हरीणच! जुलै 1906 च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांचे 74 फोटो एका अंकात छापले.

पुढे काही शिकारी वाटेवरचा दोरा घड्याळाला जोडू लागले. दोरा ओढला गेला की घड्याळ बंद. किती वाजता कोणीतरी गेलं एवढं कळायचं. ते हरीण होतं की शेजारचा कुत्रा, हे मात्र नाही. मग फिल्मचे कॅमेरे आले. 36 फोटोंचा रोल धुवून आणावा, तर त्यात हलणाऱ्या फांद्याच फांद्या.

फांद्यांचे फोटो का येतात?

कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरला हरीण दिसतच नाही. त्याला कळतो तो उष्णतेतला फरक. समोरच्या पट्ट्यात भोवतालापेक्षा गरम काहीतरी सरकलं की तो जागा होतो. उन्हाने तापलेली पानं वाऱ्यावर हलली तरी त्याची फसगत होते. उलट टेक्सासच्या भर उन्हाळ्यात दुपारी जमीनच हरणाच्या अंगाइतकी तापलेली असते. अशा वेळी धिप्पाड नर समोरून निघून जातो आणि कॅमेरा झोपलेलाच राहतो. थंडीत हाच सेन्सर एकदम तल्लख होतो. म्हणून कॅमेरा बांधण्याआधी समोरच्या फांद्या छाटाव्यात. भिंगाचं तोंड उत्तरेकडे ठेवावं, म्हणजे सूर्य थेट डोळ्यात येत नाही. कॅमेरा वाटेला काटकोनात न लावता तिरका लावावा. काटकोनात लावला की सेन्सरला जाग येईपर्यंत हरीण पुढे गेलेलं असतं आणि फोटोत उरते फक्त शेपटी. जाग यायला किती वेळ लागतो, हा आकडा खोक्यावर जरूर वाचावा. वाटेवर लावायचा असेल तर अर्ध्या सेकंदाच्या आतलाच घ्यावा.

मेगापिक्सेलच्या आकड्याकडे मात्र फार बघू नये. पुष्कळ कॅमेऱ्यांत फोटो टिपणारा मूळ सेन्सर लहानच असतो आणि मधले ठिपके हिशेबाने भरून आकडा फुगवलेला असतो. सेल लिथियमचे घ्यावेत, कडाक्याच्या थंडीत साधे अल्कलाइन सेल मान टाकतात.

नारिंगी जाकीट आणि निळी पॅन्ट

हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा रंग त्याला छान दिसतो, लाल-नारिंगी मात्र मातकट. म्हणूनच अमेरिकेतले शिकारी डोळे दिपवणारं नारिंगी जाकीट घालून निर्धास्त बसतात. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं, हरणाला नाही. निळी जीन्स मात्र हरणाच्या नजरेत लगेच भरते. अतिनील उजेडही त्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवतो. त्यामुळे शुभ्रतेची चमक देणाऱ्या डिटर्जंटमध्ये शिकारीचे कपडे धुवायचे नाहीत, असा तिकडचा रिवाज आहे.

रात्रीच्या फ्लॅशची निवडही यावरूनच करायची. 850 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांची टोकं किंचित लाल दिसतात. फोटो लांबवरचा आणि स्वच्छ येतो, पण एखादं बुजरं हरीण कान टवकारतं. 940 नॅनोमीटरचा उजेड ना हरणाला दिसतो, ना माणसाला. फोटो जरा दाणेदार येतो आणि पल्लाही कमी पडतो. रहदारीच्या सरकारी रानात मी दुसराच निवडेन, कारण तिथे हरणाइतकीच चोराचीही नजर चुकवायची असते.

ओळखपत्र डोक्यावर

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नराची शिंगं दर हिवाळ्यात गळून पडतात आणि वसंतात नव्याने फुटतात. प्राणिजगतात इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं हाड क्वचितच. जुलै-ऑगस्टमध्ये शिंगांवर मखमलीसारखी कातडी असते आणि नर टोळीने फिरतात. कॅमेरे लावायला हा बहारीचा काळ. प्रत्येकाच्या शिंगांची ठेवण वेगळी, त्यामुळे फोटोंवरून नर एकेक करून मोजता येतात. माद्यांच्या डोक्यावर अशी काही खूण नसते, म्हणून त्यांचा अंदाज नरांशी असलेल्या प्रमाणावरून बांधतात.

कधीकधी भलतंच कोणी फ्रेममध्ये येतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराच्या राखीव रानात एका कॅमेऱ्याने 580 फोटो टिपले आणि त्यातले सुमारे 400 एकाच अस्वलाचे निघाले. हा पठ्ठ्या भिंगासमोरून हलायलाच तयार नव्हता! 2007 मध्ये पेनसिल्व्हेनियात हरणासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात एक काटकुळा, केस झडलेला प्राणी आला आणि बिगफूटचं, म्हणजे दंतकथेतल्या केसाळ वानरमाणसाचं, पिल्लू सापडल्याची आवई उठली. वन्यजीव खात्याने सांगितलं, ते खरूज झालेलं अस्वल आहे.

पट्टे जुळले

आपल्याकडे शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, पण दोरीची युक्ती इथेही फार आधी पोचली होती. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी 1920 च्या दशकात शिवालिकच्या रानात वाघांना स्वतःचे फोटो काढायला लावले आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, हे दाखवून दिलं. 2018-19 च्या व्याघ्रगणनेत 26,838 जागी कॅमेरे लागले, 3 कोटी 48 लाखांवर फोटो निघाले आणि गिनेस विक्रम झाला. त्यात वाघांचे फोटो होते 76,651. डिसेंबर 2024 मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यापुढे वाघ आला. त्याचे पट्टे यवतमाळच्या टिपेश्वरमधल्या नोंदींशी जुळले. शेकडो किलोमीटरची ती पायपीट कॅमेऱ्याविना कोणाला कळली असती?

दक्षिण व्हिएतनाममध्ये सशाएवढं एक मूषकमृग 1990 पासून शास्त्रज्ञांच्या दृष्टीला पडलं नव्हतं. गावकरी मात्र सांगत, ते आहे. त्यांच्या सांगण्यावरून तीन कॅमेरे बांधले आणि पाच महिन्यांत 275 फोटो हाती आले.

किती बघायचं?

आता सिमकार्डवाले कॅमेरे आलेत. हरीण समोर आलं की काही क्षणांत फोटो मोबाइलवर. इथे शिकाऱ्यांमध्येच वाद पेटला. शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब अशा ताज्या फोटोच्या जोरावर मारलेलं जनावर नोंदवून घेत नाही. ॲरिझोना तर पुढे गेलं. तिथल्या कोरड्या मुलखात पाणवठे मोजके, त्या प्रत्येकावर कॅमेऱ्यांची गर्दी आणि ते तपासायला माणसांची ये-जा. तहानलेल्या जनावराने जायचं कुठे? 2021 मध्ये राज्याच्या आयोगाने शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली आणि 1 जानेवारी 2022 पासून ती लागू झाली. मला हा निर्णय मनापासून पटतो. पाणवठ्यावर जनावराला पळायची संधीच उरली नाही, तर त्याला शिकार म्हणता येत नाही. नेवाडा आणि युटामध्ये बंदी ठरावीक महिन्यांपुरती आहे, इतर राज्यांत नियम आणखी वेगळे. तेव्हा सिमवाला महाग कॅमेरा घेण्याआधी आपल्या राज्याची त्या वर्षाची शिकारीची नियमपुस्तिका उघडून बघावी. साध्या मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्याचा पर्याय तर आहेच. त्यातलं कार्ड काढायला रानात पायी जावं लागतं, आणि वाटेत हरणाच्या खुरांचे ताजे ठसेही बघायला मिळतात.