जुन्या ब्रशची नवी शेंडी

दोस्तांनो, आजोबांचा दाढीचा ब्रश कधी न्याहाळून पाहिलाय? इंग्लंड-अमेरिकेत असे जुनेपुराणे ब्रश हौसेने जमवणारी मंडळी आहेत. लाकडाची, हाडाची, बेकलाइटची मूठ ते घासून-पुसून अशी चकचकीत करतात, की विचारू नका!

केसांच्या झुबक्याला मात्र जाणकार बिचकतात. का? भारी ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) व्यापार विस्कटला, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे रंगवून स्वस्त ब्रश निघाले. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. दाढी करताना जरासं कापलं, की गुरांना होणाऱ्या अँथ्रॅक्सचे जंतू थेट जखमेत! १९१५ ते १९२४ या काळात दोनशेहून अधिक सैनिक आणि नागरिक आजारी पडले. काही दगावलेसुद्धा.

हे जंतू बीजाणूंच्या रूपात कित्येक दशकं तग धरतात. धोका आता अगदी थोडा, तरी २०१७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी जुन्या ब्रशांबाबत पुन्हा सावध केलं. म्हणून अनेकजण जुन्या मुठीत कृत्रिम धाग्यांचा नवा झुबका बसवतात. जुना उपटणं हे मुलांचं काम नव्हे हं! माळ्यावर असा ब्रश सापडलाच, तर केसांना हात न लावता आधी आई-बाबांना हाक मारा.