माणूस पडतो कशाने?

वस्तीत एखादी आजी मोरीत घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, की भेटायला येणारे "वय झालं" म्हणतात, नाहीतर "नशीब" म्हणतात. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. मग पडण्याचेही कारण आम्ही शोधायला नको काय?

उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य बेंबीच्या थोडा खाली, पोटाच्या आत असतो. तेथून सोडलेला ओळंबा दोन पावलांनी व्यापलेल्या जागेत राहिला तर तोल राहतो. ओळंबा म्हणजे काय, हे आमच्या गवंडी बांधवांना सांगायला नको. उंच माणसाचा मध्य वर असतो, म्हणून तेवढेच झुकले तरी त्याचा ओळंबा जास्त सरकतो. ठेंगण्याला येथे फायदा. पण पोट सुटले की मध्य पुढे जातो, भार चवड्यांवर येतो आणि पोटऱ्यांना जादा जोर लावावा लागतो. गरोदर भगिनींचेही तेच. शेवटच्या महिन्यांत त्यांना पाण्याची बादली घेऊन जिना चढायला लावू नये. लठ्ठ माणसांनी वजन उतरविल्यावर त्यांचा तोल सुधारल्याचे तपासण्यांत दिसले आहे.

हडकुळ्यांनी मात्र खूश होऊ नये. मांड्यांत मांस उरले नाही तर ठेच लागल्यावर पाय सावरता येत नाही, आणि पडल्यावर हाडाला आधार नसतो.

डोक्यावर घमेले घेतले की हा मध्य आणखी वर जातो. तरी आमच्या बाया मान ताठ ठेवून अरुंद फळीवरून चढतात. हजेरीपटावर त्यांच्यापुढे 'अकुशल' लिहिले जाते, याला काय म्हणावे! रुंद फळी आणि बाजूला कठडा मागणे हा त्यांचा हक्क आहे.

ब्राझीलमधील 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांची पाहणी 2022 साली प्रसिद्ध झाली. एका पायावर 10 सेकंद उभे राहणे सुमारे पाचव्या हिश्श्याला जमले नाही, आणि पुढील वर्षांत त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नव्हे. शरीर किती खचले आहे ते त्यातून कळते. भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी ठेवून घरीच पाहावे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर ज्येष्ठांनी मिळून केले तर उत्तमच.

आणि मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवा. एका गवंड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि गवंडी आपल्याच वस्तीत आहेत.