गोंदवायचे तर कोणते फूल?

आजीच्या किंवा पणजीच्या हातावर गोंदलेली तुळस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. एक उभी रेघ, तिला दोन्ही बाजूंना लहान लहान फांद्या, टोकाशी ठिपके आणि खाली वृंदावन. मूळचा काळा रंग वयापरत्वे हिरवट झालेला. “आजी, ही तुळस तू निवडलीस का गं?” असे विचारले तर बहुतेक आज्या हसतील. गोंदणारीण गावात यायची, घरातली वडीलधारी बाई पोरीला तिच्यापुढे बसवायची, आणि पोर रडत असतानाच हात गोंदून व्हायचा. सोनेनाणे इथेच राहते, गोंदण तेवढे माणसाबरोबर जाते, ही त्यामागची समजूत. कोणते फूल, कोणते पान, हा प्रश्न त्या मुलीपुढे नव्हताच.

आज तो आहे. तालुक्याच्या गावीही टॅटूची दुकाने निघाली आहेत. यंत्रावरची सुई आली, नमुन्यांचे पुस्तक आले. आणि फुलाफुलाचा अर्थ सांगणारे तक्ते तर मोबाइलवर हवे तितके मिळतात. गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य, शेवंती म्हणजे दीर्घायुष्य! तरुण मंडळी तो तक्ता वाचतात आणि फूल ठरवतात. माझे सांगणे एवढेच आहे की, फुलाची निवड या तक्त्यावरून करू नये. फुलाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो माणसे देतात, आणि मुलखामुलखाची माणसे निरनिराळा देतात.

झेंडूचेच घ्या. दसऱ्याला आपल्या दारावर, बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर झेंडूचे तोरण असते. हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. युरोपियनांच्या जहाजांबरोबर तो इकडे आला. त्याच्या मायदेशी दरवर्षी 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण होतो. त्या वेळी झेंडूच्या पाकळ्यांची वाट अंथरतात, का, तर मेलेल्या आप्तांना घरचा रस्ता सापडावा म्हणून. आपले विजयाचे फूल तिथे पितरांचे झाले! शेवंतीचीही तीच कथा. आपल्याकडे तिची वेणी होते. जपानात सोळा पाकळ्यांची शेवंती ही सम्राटाच्या घराण्याची मुद्रा आहे. फ्रान्समध्ये मात्र 1 नोव्हेंबरच्या सुमारास लोक शेवंतीच्या कुंड्या थडग्यांवर नेऊन ठेवतात. तिथे कोणाच्या घरी शेवंती घेऊन पाहुणा गेला, तर यजमानाचा चेहरा पडेल. पांढऱ्या चाफ्याचे झाड अमेरिकेकडून आले. ते आपल्या देवळांच्या आवारात दिसते, इंडोनेशियात आणि मलेशियात कबरस्तानात दिसते, आणि हवाई बेटांवर त्याच्या माळा पाहुण्यांच्या गळ्यात घालतात. आता यांतला खरा अर्थ कोणता? सगळेच खरे, आपापल्या ठिकाणी.

याचा अर्थ फुलाचे प्रतीक कुठूनही उपटून आणलेले असते असा नाही. पुष्कळदा ते झाडाच्या स्वभावातून निघते. कमळाचा कंद चिखलात असतो. त्याच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे मेणाचे उंचवटे असतात, त्यामुळे पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते आणि जाता जाता धूळही घेऊन जाते. हे शेकडो वर्षे पाहणाऱ्या माणसांनी त्याला अलिप्ततेची खूण मानले. हिंदूंनी ते लक्ष्मीच्या हाती दिले, बौद्धांनी बुद्धाचे आसन केले, जैनांनी सहाव्या तीर्थंकरांचे लांछन मानले. (एका राजकीय पक्षाचेही ते चिन्ह आहे. निवडणुकीच्या दिवसांत हातावरच्या कमळाचा अर्थ लोक आपल्याला विचारून लावणार नाहीत, हेही ध्यानात असू द्या.) जपानातल्या चेरीचा मोहोर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो आणि भरात असतानाच गळू लागतो, म्हणून ती क्षणभंगुरतेची खूण ठरली. तिथल्या गोंदणकलेत ती फार सुंदर उतरते. परंतु ज्याने चेरी कधी गळताना पाहिली नाही, त्याच्या हातावर ती नुसती नक्षी होते.

म्हणून आपल्या पाहण्यातले फूल घ्यावे, असे मला वाटते. बकुळीचे फूल सुकले तरी वास सोडत नाही. अबोलीला वासच नाही, पण वेणीत ती पुष्कळ वेळ टवटवीत राहते. प्राजक्त रात्री फुलतो आणि पहाटे अंगणात सडा घालतो. ताम्हण तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प. उन्हाच्या तडाख्यात त्याला जांभळे तुरे येतात. परसात आईने लावलेली जाई असेल, तर तिचा अर्थ कोणत्या तक्त्यात शोधायला नको.

निवडीची दुसरी बाजू कातडीची आहे. सुई रंग वरच्या त्वचेत ठेवत नाही, ती त्याखालच्या थरात सोडते. वरची त्वचा सतत झडते आणि नवी येते. खालच्या थरात मात्र शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळून तिथेच बसतात, आणि त्या मेल्या की नव्या पेशी ते कण उचलतात. म्हणून गोंदण जन्मभर राहते. पण ते जसेच्या तसे राहत नाही. वर्षानुवर्षे रेघ हळूहळू पसरते. रुपयाएवढ्या जागेत पन्नास पाकळ्यांची शेवंती कोरली, तर काही वर्षांनी तिचा डाग दिसू लागतो. आजीची तुळस अजून ओळखू येते, कारण ती जाड रेघ, ठिपके आणि मध्ये मोकळी जागा यांचीच बनलेली आहे. गोंदणारणीला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते, पण कातडी ठाऊक होती. लेसर किरणांनी रंग काढता येतो. त्याला अनेक खेपा लागतात आणि खर्च गोंदवण्याच्या कितीतरी पट होतो. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर निघतो, हिरवा व पिवळा हट्टी असतात.

जागेचाही विचार हवा. आपली किती मुले पहाटे उठून सैन्यभरतीसाठी धावतात! सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचे गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत असते. दंडावर किंवा मानेवर हौसेने काढलेल्या गुलाबापायी धावण्यात पहिला आलेला मुलगा वैद्यकीय तपासणीत परत येऊ शकतो. भरतीची त्या त्या वर्षीची जाहिरात आधी नीट वाचावी. गोंदवल्यानंतर वर्षभर रक्तदानही करता येत नाही.

आणि शिक्षकमित्रांनो, जत्रेचे दिवस आले की वर्गात एक गोष्ट जरूर सांगा. जत्रेत झाडाखाली बसून एकाच सुईने ओळीने दहा जणांचे हात गोंदले जातात. पहिल्याच्या रक्तात कावीळ ‘ब’, कावीळ ‘क’ किंवा एड्सचा विषाणू असेल, तर तो पुढच्या नऊ जणांपर्यंत पोचू शकतो. शाई एकाच वाटीतली असली तरी तोच धोका. सुई बंद पाकिटातून आपल्या डोळ्यांसमोर काढलेली हवी, शाई प्रत्येकासाठी नव्या टोपणात ओतलेली हवी, गोंदणाऱ्याच्या हातात नवे मोजे हवेत. यातले एक जरी नसले तरी उठून यावे. पैसे दिले असले तरी. नंतर दोन-तीन आठवडे विहिरीत किंवा नदीत पोहू नये आणि खपली खरवडू नये.

मुलांना फारच हौस असली, तर तेच फूल त्याच जागी घरच्या हिरव्या मेंदीने काढून पंधरा दिवस बाळगायला सांगावे. काळी मेंदी मात्र नको. तिच्यात केस काळे करण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर फोड येतात.