थंडीत ओठ का उलतात?

डिसेंबर-जानेवारीत भातकुलीच्या परिसरात मुलांचे ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात. या भेगा म्हणजे जंतूंना उघडी वाट. दोष थंडीला दिला जातो. पण मुख्य कारण हवेच्या कोरडेपणात आहे. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते, १० अंशांना फक्त ९ ग्रॅम. ही गार हवा उबदार त्वचेजवळ तापली, की तिची बाष्प घेण्याची क्षमता वाढते आणि ती त्वचेतला ओलावा ओढून घेते.

त्वचेवरचा स्निग्ध थर हा ओलावा राखतो. कढत पाणी आणि साबण नेमका तोच थर धुऊन काढतात. त्यात भातकुली पूर्णाखोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात! खाऱ्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो, म्हणून तो जास्त चोळला जातो.

तेव्हा आंघोळ कोमट पाण्याने करावी, साबण बेताने लावावा. अंग टिपून, ते ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये. तिने हवा अधिकच कोरडी भासते. शिवाय तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू जीवघेणा असतो.

वर्गात करून पाहा: बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या घ्या. एकीला सर्व बाजूंनी व्हॅसलीन लावा, दुसरी तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी कोणती सुरकुतली, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.