नौकावाहू ट्रेलर : चाकांच्या धारव्यांची निगा

मोटारगाडीच्या मागे जोडून लहान नौका रस्त्याने नेण्यासाठी व काठावरील फरसबंदी उतारावरून ती थेट पाण्यात सोडण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या बिनएंजिनाच्या गाड्याला नौकावाहू ट्रेलर म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांत खाजगी नौका घरी ठेवून सुटीच्या दिवशी सरोवरावर वा समुद्रावर नेण्याची पद्धत रूढ असल्याने तेथे असे ट्रेलर मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या सांगाड्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. रस्त्यात अडचण येते ती बहुधा चाकांच्या धारव्यांमुळे, म्हणजे बेअरिंगांमुळे. धारवा जळून आसाला चिकटला, तर चाक निखळून मागून येणाऱ्या वाहनांवर जाण्याचा धोका असतो. म्हणून या लहानशा भागाची निगा राखणे हा सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

चाकाच्या तुंब्यात सामान्यतः दोन धारवे असतात. ते निमुळत्या रुळांचे असल्यामुळे चाकावर वरून येणारा भार आणि वळणावर आडवा येणारा रेटा हे दोन्ही पेलू शकतात. या प्रकारच्या धारव्याचे पेटंट हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांना अमेरिकेत १८९८ मध्ये मिळाले. त्या वेळी तो घोडागाड्यांसाठी योजलेला होता. रूळ, त्यांचा पिंजरा व आतील कडे मिळून एक सुटा भाग होतो, त्याला कारागीर ‘कोन’ म्हणतात. तुंब्यात घट्ट बसविलेल्या बाहेरील कड्याला ‘कप’ म्हणतात. हलक्या ट्रेलरमध्ये आसाच्या टोकाचा व्यास बहुधा २५·४ मिमी. असतो. आतील धारव्यामागे रबरी ओठाचे सील असते आणि बाहेरचे तोंड धातूच्या टोपीने बंद केलेले असते.

ताशी ८० किमी. वेगाने जाताना ६० सेंमी. व्यासाचे चाक मिनिटाला सु. ७०० फेरे घेते. हा वेग किंवा नौकेचे वजन या धारव्यांना जड जात नाही. त्यांचा नाश होतो तो पाण्याने, आणि ते आत शिरण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. लांबचा प्रवास करून आलेला तुंबा तापलेला असतो. त्यातील हवा ७०° से. असताना तो २०° से. तापमानाच्या पाण्यात बुडविला, तर वायुनियमानुसार आतील दाब सु. १५ टक्क्यांनी, म्हणजे अंदाजे ०·१५ किग्रॅ./चौ. सेंमी. इतका घटतो. तुंबा ३० सेंमी. खोल गेल्यास पाण्याचा स्वतःचा दाब अवघा ०·०३ किग्रॅ./चौ. सेंमी. असतो. तेव्हा पाणी आत ढकलले जाते त्यापेक्षा पुष्कळ अधिक जोराने ते ओढले जाते. सील बाहेरून येणारी धूळ व शिंतोडे अडविण्यासाठी केलेले असते. ते झिजलेले असल्यास ही ओढ त्याला आवरत नाही. यावरून दोन गोष्टी निघतात : उतारावर पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून तुंबे निवू द्यावेत आणि तुंब्यात हवेला शक्य तितकी कमी जागा ठेवावी. म्हणजेच दोन धारव्यांमधील पोकळीही ग्रीजने भरावी.

वंगण हा शब्द बैलगाडीच्या आसाला घालावयाच्या तेलापासून आपल्या परिचयाचा आहे. तेथे ते वारंवार घालता येते. बंद तुंब्यात मात्र एकदा भरलेले ग्रीज अनेक महिने टिकावे लागते. त्यामुळे त्याची निवड महत्त्वाची ठरते. सोडियम साबणाचे ग्रीज पाण्यात विरघळते, म्हणून ते सर्वस्वी अयोग्य होय. साधे चुन्याच्या साबणाचे ग्रीज पाण्याला दाद देत नाही, पण तापल्यावर पातळ होते. लिथियम-जटिल, ॲल्युमिनियम-जटिल किंवा कॅल्शियम सल्फोनेट यांवर आधारलेले क्र. २ चे ग्रीज वापरतात. क्र. २ म्हणजे घोटलेल्या ग्रीजमध्ये प्रमाणित शंकू २६५ ते २९५ दशांश मिमी. रुतेल इतकी घट्टता. भिन्न जातींची ग्रीजे एकत्र आल्यास मिश्रण कधीकधी पातळ होऊन वाहून जाते. म्हणून जात बदलताना जुने ग्रीज पूर्णपणे काढावे.

वर्षातून एकदा, व समुद्राच्या पाण्यात वापर असल्यास याहून लवकर, चाके उतरवून धारवे उघडतात. थंड प्रदेशांत हे काम पुष्कळ लोक वसंत ऋतूत करतात. वास्तविक ते हिवाळ्यापूर्वीच करणे शहाणपणाचे होय, कारण आत राहिलेले पाणी चाक स्थिर असताना रूळ जेथे टेकतात तेथेच गंज चढविते आणि कपावर रुळांच्या अंतरांइतक्या अंतरावर काळे पट्टे उमटतात. असे पट्टे, खड्डे किंवा तापून आलेली निळसर झाक दिसल्यास कोन व कप दोन्ही बदलावेत. जुन्या कपात नवा कोन बसविणे ही खोटी काटकसर आहे. भाग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवितात. दाबाच्या हवेने वाळविताना रूळ गरगर फिरवू नयेत. नंतर तळहातावर ग्रीज घेऊन कोनाची रुंद कड त्यात दाबत राहतात. रुळांमधून ग्रीज दुसऱ्या बाजूने बाहेर आले, म्हणजे तो भाग भरला. सील प्रत्येक वेळी नवे घालतात.

यानंतरची जुळणी सर्वांत नाजूक असते. तुंबा हाताने फिरवीत असतानाच नट सु. ७ किग्रॅ.-मी. परिबलाने आवळतात, त्यामुळे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करून केवळ बोटांनी पुन्हा टेकवितात व फटीची पिन घालतात. नट आवळलेलाच ठेवला, तर धारवा तापून जळतो. फार सैल राहिला, तर चाक डुगडुगते व सील झिजते.

नेहमीच्या टोपीऐवजी स्प्रिंगने दाबलेली दट्ट्याची टोपी बसविण्याचा प्रघात आहे. ती आतील ग्रीजवर किंचित दाब ठेवते, त्यामुळे तुंबा निवताना पाण्याची ओढ कमी होते. तथापि ग्रीज गनने अति ग्रीज भरल्यास मागचे सील निसटते व ग्रीज ब्रेकच्या अस्तरावर पसरते. शिवाय पुढून भरलेले ग्रीज आतील धारव्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, म्हणून ही टोपी वार्षिक तपासणीला पर्याय ठरत नाही. काही ट्रेलरांत ग्रीजऐवजी तेल व पारदर्शक टोपी असते; तेल दुधाळ दिसू लागले की पाणी शिरले असे समजावे.

प्रवासात थांबा घेतल्यावर प्रत्येक तुंब्याला जपून हात लावून पाहतात. एकच तुंबा इतरांपेक्षा फार तापलेला असेल, चाकाच्या आतील बाजूस ग्रीजचे शिंतोडे उडाले असतील किंवा उचललेले चाक फिरविताना खरखर जाणवत असेल, तर पुढे जाऊ नये. दूरच्या प्रवासास निघणारे अनुभवी लोक धारवे, कप व सील यांसह ग्रीज भरलेला एक सबंध तुंबा, नट व पिना बरोबर ठेवतात; जॅक व पाने असल्यास तो रस्त्याच्या कडेलाही बदलता येतो.